संघ कुणाचा?

(अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऊसदर, दूधदर आणि पाटपाणी या विषयांच्या पंक्तीला फुटबॉल कसा येऊन बसला, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. खेळ म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा आणि राजकारण म्हणजे पोटापाण्याचा व्यवहार, ही वाटणी पुरोगामी चळवळीनेही बराच काळ निमूटपणे मान्य केली. परंतु हजारो कामगार, विद्यार्थी आणि कारकून पदरचे पैसे खर्चून जेथे जमतात, एकत्र जिंकतात, एकत्र हरतात आणि घरी परतताना संतापाने बोलतात, ते ठिकाण राजकारणाच्या बाहेरचे असू शकत नाही. या संतापाचे खरे कारण कोणते आणि तो कुणापर्यंत पोचला पाहिजे, हा आजचा विषय.

हा संताप बहुधा प्रशिक्षकावर निघतो. संघ हरला की प्रशिक्षकाचे डावपेच चुकले, त्याने अमक्याला बसविले, तमक्याला खेळविले. तेव्हा प्रशिक्षक हटवा, ही मागणी गॅलरीतून उठते. मालक ती तत्परतेने मान्य करतो. नवा माणूस येतो, नवी आशा येते आणि सहा महिन्यांनी जुनाच संताप परत येतो. नगर जिल्ह्याला हे दृश्य अपरिचित नाही. पाथर्डी-शेवगाव भागातून कोयता घेऊन निघणारा ऊसतोड कामगार उचल घेतो ती मुकादमाकडून, आणि हिशेब चुकला की शिव्या देतो त्याही मुकादमालाच. मुकादम निर्दोष असतो असे नव्हे. परंतु तोडणीचा दर मुकादम ठरवीत नाही. तो कारखान्यांच्या बाजूने होणाऱ्या करारात ठरतो. मुकादम बदलून दर बदलत नाही, हे संघटित कामगाराला कळले, तेव्हाच त्याची चळवळ उभी राहिली. फुटबॉलच्या प्रेक्षकाला अद्याप हे कळावयाचे आहे.

पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या आठ संघांत एफसी पुणे सिटी हा एक होता. मालकी वाधवान समूहाची, भागीदारीत चित्रपट अभिनेते हृतिक रोशन आणि घरचे मैदान बालेवाडीचे. पहिल्या हंगामात इटलीचे फ्रँको कोलोंबा प्रशिक्षक होते. दुसऱ्यात इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, तिसऱ्यात स्पेनचे अंतोनियो हबास, चौथ्यात सर्बियाचे रांको पोपोविच. या चौथ्या, २०१७-१८ च्या हंगामात संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. त्यानंतर पोपोविच राहिले नाहीत. पाचव्या हंगामासाठी मिगेल पोर्तुगाल आले, पण हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही तोच त्यांना निरोप मिळाला. मग काही काळ प्रद्युम रेड्डी आणि शेवटी इंग्लंडचे फिल ब्राउन. पाच हंगामांत सात माणसे!

प्रेक्षकांनी या सातही जणांवर टीका केली, आणि त्यातील बरीचशी योग्यही असेल. परंतु पुण्याचा संघ बुडाला तो कुणाच्या डावपेचांमुळे नव्हे. तो मालकाच्या खात्यावर बुडाला. याच समूहाची दिवाण हाउसिंग ही गृहकर्ज देणारी कंपनी २०१९ मध्ये देणी चुकती करू शकली नाही आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ दूर केले. संघ त्यापूर्वीच मोडला होता. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली; फिल ब्राउन आणि काही खेळाडूही तिकडे गेले. पुढे २०२२ मध्ये हैदराबादने विजेतेपद मिळविले, नंतर तोही संघ आर्थिक अडचणीत आला, मालक पुन्हा बदलले आणि २०२५ मध्ये संघाचे बिऱ्हाड दिल्लीला हलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली! एखाद्या व्यापाऱ्याने दुकानाचा परवाना एका पेठेतून दुसऱ्या पेठेत न्यावा, तसा हा प्रवास झाला. पाच वर्षे नारिंगी सदरा घालून बालेवाडीला जाणाऱ्या तरुणाला या व्यवहारात कुणी काही विचारले नाही. विचारावे असे बंधनच कुणावर नव्हते.

हा अपवाद असता, तर त्यावर व्याख्यान देण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुण्यातच त्यापूर्वी अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी होता. तो २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये त्याचा ज्येष्ठ संघ गुंडाळला गेला. गोव्यात तर फुटबॉल घराघरांत आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग हे संघ २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. आय-लीग कितीही वेळा जिंकली तरी वरच्या लीगमध्ये जाण्याचा मार्ग त्या वेळी खेळातून नव्हता, तो पैशातून होता. या धोरणाचा त्यांनी निषेध केला. मालकांचा हा निषेध समजण्याजोगा होता. पण त्याची किंमतही मडगाव-पणजीच्या प्रेक्षकानेच मोजली.

या पडझडीचे मूळ रचनेत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये सुमारे ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात खेळाचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी एका खाजगी समूहाला दिले. लीग त्या करारातून जन्मली. ८ डिसेंबर २०२५ रोजी कराराची मुदत संपली. तत्पूर्वी काढलेल्या नव्या निविदेला एकही बोली आली नाही आणि २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. त्याच डिसेंबरात मँचेस्टर सिटीची मालकी असणाऱ्या समूहाने मुंबई सिटी संघातील आपला हिस्सा मूळ मालकांना परत विकून काढता पाय घेतला. २०१९ मध्ये याच समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला केवढा अभिमान वाटला होता! भांडवल जसे आले तसे गेले. प्रेक्षक मात्र जागच्या जागी राहिला.

येथे एक आक्षेप येतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. भारतातील फुटबॉल संघ बहुधा तोट्यात चालतात. जो तोटा सोसतो त्यालाच निर्णयाचा अधिकार नको काय? अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेला विद्यार्थी या प्रश्नाला होकार देईल. दुसरे वाचलेला थोडा थांबेल. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले की, असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. साबण आवडला नाही तर माणूस दुसरा साबण घेतो, आणि त्या भीतीने कारखानदार सुधारतो. परंतु संघ म्हणजे साबण नव्हे. पुण्याचा प्रेक्षक संघ हरतो म्हणून बंगळूरचा होत नाही. त्याची निष्ठा हीच त्याची बेडी आहे. त्याला निघून जाता येत नाही आणि त्याच्या आवाजाला कायद्यात स्थान नाही. शिवाय जाहिरातदार पैसे मोजतो ते कशाचे? रिकाम्या खुर्च्यांचे नव्हे. संघाला जे बाजारमूल्य येते, ते गॅलरीतील माणसाच्या निष्ठेने येते. मूल्य एकाने निर्माण करावे आणि ते विकण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असावा, हा समाजवाद्यांना जुना परिचित असलेला प्रकार आहे.

याला पर्याय आहे काय? आहे, आणि तो स्वप्नातला नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा संघ सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स शहरी नेण्यास परवानगी मिळाली. प्रेक्षक रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी सभासदांच्या मालकीचा नवा संघ काढला, नवव्या पायरीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक लीग गाठली आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत स्वतःचे मैदान उभारले. जर्मनीने १९९८ मध्ये संघांना कंपनी होण्याची मुभा दिली, पण निम्म्याहून एक अधिक मत सभासदांकडेच राहील अशी अट घालून. म्हणूनच २०२४ च्या फेब्रुवारीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा देण्याचा बेत प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून हाणून पाडला. कोलकात्यात मोहन बागानच्या नावाला २०२० मध्ये नव्या मालकाने आपल्या संघाचे नाव जोडले. सभासद आणि प्रेक्षक तीन वर्षे झगडले आणि २०२३ मध्ये ते जोडनाव हटले. आणि दूर कशाला जावे? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ खेळतात. तेथेही भांडणे होतात, हाणामाऱ्या होतात. पण तालीम उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, कारण ती पेठेची असते.

नगर जिल्ह्याला या विचाराचे नवल वाटू नये. बेलापूर कंपनीच्या खाजगी कारखान्याच्या काळात ऊस पिकविणाऱ्याला कारखान्याच्या निर्णयात स्थान नव्हते. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला आणि ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व लोणीच्या माळावर प्रत्यक्षात आले. अडाणी म्हणून हिणविला गेलेला शेतकरी जर साखर कारखान्याचा मालक होऊ शकतो, तर शिकलासवरलेला प्रेक्षक फुटबॉल संघाचा का होऊ शकणार नाही?

परंतु ज्या जिल्ह्याने सहकार दाखविला, त्याच जिल्ह्याने त्याची दुखणीही जवळून पाहिली आहेत. सभासदत्व कागदावर राहिले, वार्षिक सभा मंजूर-मंजूरच्या गजरात उरकल्या, संचालकपदे घराण्यांत फिरली आणि राज्यातील कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडून लिलावात खाजगी हातांत गेले. जर्मनीतही पळवाट निघालीच. लाइपझिगच्या संघाने नियम शब्दशः पाळला, पण मताधिकार असलेले सभासद मूठभरच ठेवले. तात्पर्य, मालकी मिळविणे हे अर्धे काम. ती रोज वापरणे हे उरलेले अर्धे. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. ज्या संस्थेचा हिशेब चारचौघांत मांडला जातो, तीच संस्था सभासदांची राहते.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? उद्या सकाळी कुणी संघ विकत घेणार नाही. पण एक गोष्ट आजही जनतेच्या मालकीची आहे, ती म्हणजे मैदान. बालेवाडीचे क्रीडासंकुल राज्य शासनाचे आहे. मुंबई सिटी जेथे खेळत आली ते अंधेरीचे क्रीडासंकुल महानगरपालिकेचे आहे. सार्वजनिक मैदान भाड्याने देताना शासनाने आणि पालिकेने अटी घालाव्यात, ही मागणी विधिमंडळात आणि पालिकेत करता येते. संघ हलविण्यापूर्वी किमान एक वर्षाची जाहीर सूचना. संघाचे नाव, रंग आणि चिन्ह प्रेक्षकांच्या नोंदणीकृत संस्थेच्या संमतीवाचून न बदलण्याची हमी. संचालक मंडळावर प्रेक्षकांनी निवडलेला एक प्रतिनिधी. वार्षिक हिशेबाची प्रसिद्धी. खेळाडू आणि मैदान कामगार यांच्या देण्यांपोटी आगाऊ अनामत. आणि आठवड्यातील ठरावीक दिवस स्थानिक शाळांच्या मुलांना मैदान. यातील एकही अट क्रांतिकारक नाही. घर भाड्याने देणारा मालकही यापेक्षा अधिक अटी घालतो.

दुसरे काम प्रेक्षकांमध्ये. त्यांचे गट आज ढोल, झेंडे आणि घोषणा यांपुरते संघटित आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. त्याखाली संस्था नोंदवावी, अल्प किंमतीचे भाग काढावेत, पदाधिकाऱ्यांच्या मुदतीला मर्यादा घालावी आणि पहिल्या दिवसापासून हिशेब उघडा ठेवावा. संघ लहान असो, जिल्हा लीगमधला असो. सवय लहान संघातच लागते.

प्रशिक्षकावर टीका करण्याचा हक्क प्रेक्षकाने सोडू नये. ती खेळाची गंमतच आहे. मात्र पुढच्या पराभवानंतर ‘प्रशिक्षक हटवा’ ही घोषणा उठेल, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कार्यकर्त्याने एवढेच विचारावे: त्याला नेमले कुणी, त्या नेमणाऱ्याला कोण हटवू शकतो, आणि तो उद्या संघ घेऊन दुसऱ्या शहरी गेला तर अडविणार कोण? या प्रश्नांना उत्तर सापडेपर्यंत संघ प्रेक्षकांचा नाही. प्रेक्षकच संघमालकाचे आहेत.