प्रदर्शनापूर्वीचे दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आज या सभागृहाच्या भिंतींवर आपल्याच कुटुंबांतील मुलामुलींची आणि गृहिणींची चित्रे लागली आहेत. त्यानिमित्त चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. चित्रकलेत आम्हांस अधिकार नाही. आम्ही केवळ प्रेक्षक. तथापि प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. प्रदर्शन चार दिवसांचे, फार तर आठवड्याचे असते. त्यापूर्वीचे महिने चित्रकार कसे घालवितो? आज आम्ही बोलणार आहोत ते त्या महिन्यांविषयी.

प्रथम उघड दिसणारे कष्ट पाहू. लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून ठोकावयाचा, त्याला पांढरे अस्तर द्यावयाचे, ते वाळले की घासून पुन्हा द्यावयाचे. मग रंग. तैलरंगात बहुधा जवसाचे तेल असते, आणि हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला कित्येक आठवडे. घाईने थरावर थर चढविला तर पुढे चित्राला तडे जाण्याचे भय. वार्निश तर परंपरेप्रमाणे सहा महिने ते वर्ष उलटल्यावर लावतात. म्हणजे प्रदर्शनाची तारीख ठरली की चित्रकाराला तेथून मागे मोजत यावे लागते. शिवाय चौकटी, बांधाबांध, चित्रांची यादी, किमती आणि निमंत्रणपत्रिका आहेतच.

ही तयारी कधी कधी कुटुंबासही सामावून घेते. राजा रविवर्मा यांच्याकडे सयाजीराव गायकवाड महाराजांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांचे काम सोपविले. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानात प्रवास केला, ठिकठिकाणची वेशभूषा पाहिली, आणि मग दक्षिणेत परतून काम पुरे केले. बडोद्यास पाठविण्यापूर्वी ही चित्रे १८९० मध्ये त्रिवेंद्रम येथे लोकांस पाहावयास मांडली होती. राजराज वर्मा स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. तरीही थोरल्या भावाच्या चित्रांतील पार्श्वभूमी पुष्कळदा तेच रंगवीत आणि व्यवहारही सांभाळीत. त्यांची १८९५ ते १९०४ या काळातील रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एका भावाच्या कीर्तीमागे दुसऱ्या भावाचे किती दिवस खर्ची पडले होते, हे त्या नोंदींवरून उमगते.

परंतु याहून वेगळीही एक तयारी असते, आणि ती समजणे आपणांस अधिक अवघड जाते. तिचे उदाहरण म्हणून आम्ही वासुदेव संतू गायतोंडे यांचे नाव घेतो. मूळचे गोमंतकीय कुटुंब, जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. वाढले मुंबईस, गिरगावात. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. १९५७ मध्ये टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री झाले. आणि १९७२ मध्ये मुंबई सोडून हा मराठी माणूस दिल्लीस निजामुद्दीन ईस्टमधील एका बरसातीत राहावयास गेला. बरसाती म्हणजे काय, हे दिल्लीत नोकरी केलेल्यांस सांगावयास नको: गच्चीवरची खोली, उन्हाळ्यात तापणारी, हिवाळ्यात गारठणारी.

त्या निवासात त्यांचा दिवस कसा जाई? बराचसा, लौकिक अर्थाने, काही न करण्यात. ते शांत बसत, संगीत ऐकत, वाचत आणि कोऱ्या किंवा अर्ध्या कॅनव्हासकडे पाहत राहत. वर्षाकाठी त्यांची चित्रे होत पाच-सहा. प्रत्यक्ष रंगविण्याचा काळ त्या मानाने थोडा. पण तो सुरू झाला की रोलरने रंगाचे थर चढत, रंगसुरीने काही भाग खरवडून निघे, फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलले जात, आणि खालच्या थराचा प्रकाश वर येई. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. तरी समोर उभे राहिले की पाण्याखालून काही वर येत असल्यासारखे वाटते. त्या पाच-सहा चित्रांची तयारी म्हणजे ते उरलेले सारे दिवसच होते.

१९८४ मध्ये अपघात झाला आणि काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळणे त्यांस शक्य राहिले नाही. त्या काळात ते कागदावर शाईने लहान लहान रेखाटने करीत राहिले, आणि पुढे पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांस विकले गेले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. हे दोन्ही सोहळे पाहावयास ते नव्हते. परंतु किमतीचा हा आकडा ऐकून ज्यांस त्यांच्याविषयी आदर वाटू लागेल, त्यांस आम्ही इतकेच विचारू, की तो मनुष्य गच्चीवर नुसता बसलेला दिसला असता, तर आपण त्यास काय म्हटले असते?

हा प्रश्न आम्ही स्वतःसही विचारतो. आमचे उभे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत हजेरीपटावर सही करण्यात गेले. काम म्हणजे धारिका पुढे सरकणे, ही आमची व्याख्या. या व्याख्येत पाहत बसणारा माणूस बसत नाही. आणि आपल्यापैकी पुष्कळांचे संसार असेच बदलीच्या हुकमावर चाललेले आहेत: तीन वर्षे येथे, चार वर्षे तेथे, मुलांच्या शाळा बदलतात, भाषा बदलते. अशा घरात परीक्षेचा अभ्यास तेवढा खरा, आणि मुलगी खिडकीशी कागद घेऊन बसली की ती वेळ दवडते आहे असे आईवडिलांस वाटणे स्वाभाविक आहे. त्यात त्यांचा दुष्टावा नसतो, काळजी असते. पण त्या काळजीपोटी कितीतरी मुलांचे हात दहावीच्या वर्षी थांबतात आणि पुन्हा चालत नाहीत. गृहिणींचे तर विचारूच नका. त्यांस दुपारचा एक तास मिळतो, आणि त्या तासात कोणीतरी चहास येतेच.

आज या भिंतींवर जी चित्रे आहेत, ती अशा अडचणींतून वाट काढून आलेली आहेत. म्हणून ती पाहताना ‘किती वेळ लागला?’ असे विचारू नये. उत्तरादाखल चित्रकर्ती दोन दिवस म्हणेल, कारण ब्रश हातात धरल्याचे दिवस तेवढेच. आधीचे दोन महिने तिने मनातही मोजलेले नसतील. आणि मंडळाच्या नाटकाचा पडदा वा गणपतीची मखर रंगवून घेताना ‘तुम्हांला काय, हातचा मळ’ असे म्हणण्याची आपली जी रीत आहे, तीही सोडून द्यावी.

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. ही वास्तू आठवड्यातील पाच दुपारी कुलूपबंद असते. त्यांपैकी दोन दुपारी मागची खोली, जेथे उत्तरेचा उजेड येतो, चित्रे काढणाऱ्यांसाठी उघडी ठेवावी. ओले कॅनव्हास भिंतीस टेकून राहू द्यावेत. सभेच्या खुर्च्या मांडताना ते हलवू नयेत. तेथे कोणी काय केले याचा अहवाल मागू नये. एखादे मूल तीन दुपारी येऊन नुसते बसून गेले, तरी चौथ्या दुपारी त्याला दार उघडे असावे. पुढील प्रदर्शनाची तयारी तेथूनच सुरू होईल.