येऊरचा बिबट्या आणि आपण



पीटीच्या तासाला हमखास डोकं दुखणारी मी आता दर रविवारी येऊरला पळते. खरंच, सर! येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू. तिथे एका वळणावर वीसेक पावलांवर बिबट्या दिसला. मैत्रीण आणि मी पाठ न दाखवता, उभ्यानेच मागे सरकलो. तो झाडीत निघून गेला. माझ्या घड्याळाने त्या मिनिटाची ‘उत्तम व्यायाम’ अशी नोंद केली!

पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आणि बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहानसं भक्ष्य वाटतो. म्हणजे आपले दोन्ही व्यायाम बाद. बुटाची नाडी घरूनच घट्ट बांधा.

आपल्या ग्रुपवर बरेच जण ‘पिंजरा लावा’ म्हणतात. २०१९ मध्ये ठाण्याच्या मॉलजवळ आणि २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा पकडावंच लागलं. पण जंगलातला उचलून दुसरीकडे सोडला की तिथे हल्ले वाढतात, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नरच्या अभ्यासात दिसलं. त्यापेक्षा कचरा हटवा. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो.

पुढच्या रविवारी येणाऱ्या डोंबिवलीकरांनो, पहिली लोकल पकडू नका. उजाडल्यावर निघू, इअरफोन घरी ठेवून.