शाहिराचे देणे

(शाहीर अमर शेख यांच्या स्मृतिदिनानिमित्त कोल्हापूर येथे झालेल्या सभेतील भाषण)



२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात शाहीर अमर शेख यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ जूनला आचार्य अत्रे आणि १८ जुलैला अण्णा भाऊ साठे आपल्याला सोडून गेले होते. अवघ्या ७७ दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा वक्ता, कवी आणि गायक असे तिघेही काळाच्या पडद्याआड गेले. अत्र्यांचे लेखन छापलेले आहे, अण्णा भाऊंची ‘फकिरा’ आजही वाचली जाते. परंतु ज्याचे सारे कर्तृत्व गळ्यात आणि समोर बसलेल्या माणसांत होते, त्याचे मागे काय उरते? आजच्या सभेत मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अमर शेख मूळचे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, नाव मेहबूब हुसेन पटेल. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग गिरणीच्या संपातला पुढारी आणि त्यापायी विसापूरचा तुरुंग, असा त्यांचा तरुणपणाचा प्रवास. पुढे ते आपल्या या कोल्हापुरात आले आणि मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करू लागले. ‘अमर शेख’ हे नाव रूढ झाले ते येथेच. बार्शीने त्यांना जन्म दिला, मुंबईच्या कामगारवस्तीने कीर्ती दिली, परंतु ज्या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते नाव कोल्हापूरचे आहे. आपल्यावर त्यांचे देणे आहे असे मी म्हणतो, त्याचे हे एक कारण.

आपल्या व्यासपीठावरून त्यांचे स्मरण करताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. अमर शेख कम्युनिस्ट होते. अण्णा भाऊ आणि गवाणकर यांच्यासह त्यांचे कलापथक लाल बावट्याचे, तर आपले कलापथक राष्ट्र सेवादलाचे, वसंत बापट आणि लीलाधर हेगडे यांचे. बेचाळीसच्या प्रश्नावरून या दोन घरांत पडलेले अंतर लहान नव्हते. परंतु ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एस. एम. जोशी, डांगे, अत्रे एका मंचावर आले, तेव्हा सभेच्या आरंभी डफावर थाप पडली की समोरच्या माणसाला त्याचा पक्ष कोणी विचारीत नसे. नेत्यांची एकजूट ठरावांनी झाली असेल, सामान्य माणसांची एकजूट पुष्कळ अंशी गाण्यांनी झाली.

हे कसे घडले? अण्णा भाऊंची प्रसिद्ध छक्कड आठवा. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि त्या विरहातूनच महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाची व्यथा सांगतो. ही छक्कड महाराष्ट्राने ऐकली ती अमर शेखांच्या आवाजात. कोल्हापूर, सातारा, कोकण या भागांतील हजारो घरे त्या काळी गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. प्रत्येक घरात एक माणूस दूर होता. भाषिक राज्याची मागणी पुस्तकी तर्काने ज्यांच्यापर्यंत पोहोचली नसती, त्यांना ती ताटातूट स्वतःच्या अनुभवातून कळली. आणि बेळगाव, निपाणी ज्यांच्या उंबरठ्यावर आहेत, त्या कोल्हापूरकरांना ती आजही कळते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, पण सीमाभागातल्या माणसाच्या दृष्टीने ते गाणे अद्याप संपलेले नाही.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक होतो, म्हणून या प्रश्नाची एक वेगळी बाजू मांडतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगशील कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले सूत्र साधे आहे. गिरणीत नवे यंत्र आले की तेवढ्याच मजुरांकडून दुप्पट कापड निघते. परंतु जे संगीत वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागत होता, त्याला आजही चार माणसे आणि अर्धा तासच लागतो. इतरत्र मजुरी वाढत जाते, तसा कलेचा खर्च वाढत जातो, उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. सबब अशी कला केवळ बाजाराच्या भरवशावर जगू शकत नाही. राजाने, सरकारने किंवा समाजाने तिचा भार उचलावा लागतो.

पोवाड्यालाही हेच लागू आहे. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि झीलकरी यांच्यापैकी कोणालाही वगळून तो होत नाही. कलापथकांनी हे कोडे सोडविले ते चळवळीच्या बळावर. त्यांना आश्रयदाता संस्थानिक नव्हता, सरकार तर विरोधातच होते. संघटित श्रोता हाच त्यांचा आश्रयदाता होता. किंबहुना तो त्यांचा सर्वांत मोठा झीलकरी होता. शाहिराने एक चरण म्हणावा आणि मैदानाने तो उचलावा, तेव्हा कोठे ते गाणे पुरे होई. अमर शेखांच्या पहाडी आवाजाचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. परंतु तो आवाज झेलणारे मैदान नसते तर त्याचे काय झाले असते, हेही विचारले पाहिजे.

ते मैदान पुढे विरळ होत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू मोडला. आज गाणे पूर्वीपेक्षा अधिक ऐकले जाते, पण ज्याच्या त्याच्या मोबाइलवर, ज्याच्या त्याच्या कानात. अशा ऐकण्यात झील धरणारा कोणी नसतो.

‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे कवितासंग्रह आज ग्रंथालयांत मिळतात. परंतु त्यांनी केलेल्या सभांच्या मानाने ध्वनिमुद्रणे फार थोडी आहेत. चाल कोठे बदलली, कोणत्या चरणाला लोक उठून उभे राहिले, कोणत्या गावात कोणता संदर्भ त्यांनी जागेवर घातला, हे सारे केवळ श्रोत्यांच्या स्मरणात आहे. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. माझ्या वयाच्या माणसालासुद्धा हे सारे वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले आणि ते पुन्हा उभे करण्याची मागणी झाली. ते रास्तच होते. पण भिंती पुन्हा बांधता येतात. एखादी म्हातारी आत्याबाई किंवा जुना कार्यकर्ता गेला की त्याच्याबरोबर जे जाते, ते कोणत्याही निधीने परत येत नाही, आणि त्याची बातमीही होत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी तीन कामे करण्याची विनंती आहे. पहिले, प्रत्येक तालुक्यात ज्यांनी अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर यांना प्रत्यक्ष ऐकले अशांच्या घरी जा. त्यांच्या आठवणी आणि आठवत असतील त्या चाली, गाव आणि साल यांसह मुद्रित करा. मोबाइलवर आज हे कोणालाही करता येते. त्याच्या प्रती शिवाजी विद्यापीठात आणि करवीर नगर वाचन मंदिरात ठेवण्याचा आग्रह धरा.

दुसरे काम आपल्या घरातले. आपल्या सभांच्या अंदाजपत्रकात मांडववाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे आधी मोजले जातात आणि शाहिराच्या हाती शाल-नारळ ठेवला जातो. किमान मजुरीसाठी लढणाऱ्यांना हे शोभत नाही. जो शाहीर आज हयात आहे, त्याला आणि त्याच्या साथीदारांना सभेच्या दिवसाचा रोख मोबदला मिळाला पाहिजे. मृत शाहिराच्या स्मृतिदिनाला ही पहिली अट असावी.

तिसरे काम सर्वांत अवघड. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, कोपीत राहणारा ऊसतोडणी मजूर, घरोघर फिरणारी आशा सेविका यांचे दुःख अमर शेखांच्या काळातल्या माणसाच्या दुःखापेक्षा कमी नाही. त्यांना एकत्र बसून ऐकण्याची जागा मात्र उरलेली नाही. ती जागा निर्माण करणे हे संघटनेचे काम आहे. श्रोते एकत्र आले की शाहीर त्यांच्यातूनच उभा राहतो. अमर शेख तरी कोठून आले होते? मोटारीच्या टपावरून आणि गिरणीच्या दारातूनच.

अत्रे त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हणत. पदवी मोठी आहे. परंतु तिच्यात समाधान मानून आपण दरवर्षी हार घालून घरी गेलो, तर देणे फिटणार नाही, फक्त व्याज वाढत जाईल. पुढील वर्षीच्या २९ ऑगस्टला या सभेत माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या भाषणाऐवजी, वर्षभरात गोळा केलेल्या आठवणी ऐकविल्या जाव्यात आणि एखाद्या तरुण शाहिराने त्यांतली एक जुनी चाल गाऊन दाखवावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.