पुढारी कुठं जाणार?

(हिंगोलीच्या मेळाव्यातलं भाषण)



पुढाऱ्याचं काय होणार, पक्षाचं काय होणार, टपरीवर दुसरं बोलणंच नाही. जून 2022 मधी कळमनुरीचे आमदार संतोष बांगर उद्धव ठाकऱ्यांसाठी चारचौघांत रडले. 4 जुलैला विश्वासदर्शक ठरावाला शिंद्यांच्या बाजूनं उभे. डोळे तरी पुसले का? खासदार हेमंत पाटीलही शिंद्यांकडं गेले. 2024 ला त्यांचं जाहीर झालेलं तिकीट काढून बाबुराव कदमांना दिलं, अन् निवडून आले ठाकऱ्यांचे नागेश पाटील आष्टीकर. बांगर मात्र त्याच साली पुन्हा आमदार. घ्या!

हसू नका. आपलं घर कुठं शाबूत आहे? 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष झाला, त्याचे गट मोजता मोजता बोटं संपली. 1998 ला एकी झाली तर आंबेडकर, गवई, कवाडे, आठवले, चौघंही खासदार, तेही खुल्या जागांवरून. 1999 च्या निवडणुकीला पुन्हा चुली वेगळ्या. गोदीत चौघांनी उचललेली पेटी एकानं सोडली तर उरलेल्यांचे पाय जातात. इथं पाय वस्तीचे गेले, सोडणारे मंत्री झाले.

बांगर कुठं जातील ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी आपल्या गटांच्या अध्यक्षांना विचारतो: 1998 सारखी बैठक परत केव्हा? तारीख बोला.