"ती जेवत नाही" म्हणजे काय?

(भंडारा जिल्ह्यातल्या महिला गटांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलायला उभी राहण्याआधी मला विषय विचारला. मी म्हटलं, माझ्या नातीच्या जेवणावर बोलते. दोघी-तिघी हसल्या. एक जण म्हणाली, "अवो बाई, दारूबंदीचं सांगा, मजुरीचं सांगा. पोरीच्या वरणभाताचं काय सांगता?" तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मेळाव्यात आपण जमिनीवर बोलतो, मारहाणीवर बोलतो, रेशनवर बोलतो. चुलीपुढे बसलेलं दीड वर्षाचं लेकरू आपल्या भाषणात येत नाही. पण गेल्या दोन वर्षांत मी जे शिकले ते त्या चुलीपुढेच शिकले. आणि ते सांगायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागेल.

माझं घर साकोली तालुक्यात. घरात मी, माझे मालक, मुलगा, सून आणि नात. दोन एकर धानाची बांधी आहे, बाकी मजुरी. नातीला आम्ही चिऊ म्हणतो. चिऊ दीड वर्षाची असताना अंगणवाडीत वजनं झाली. सेविकेने तक्त्यावर टिंब मांडलं. आधी ते हिरव्या पट्ट्यात असायचं, या वेळी पिवळ्यात गेलं. मी घरी आले आणि सुनेला म्हटलं, "तुझं लक्ष कुठं असते? पोरगी सुकत चालली. जेवत नाही ती."

बघा, वीस वर्षं गटात काम करते. बाईवर दोष टाकू नका म्हणून गावोगाव सांगत फिरते. आणि माझ्या घरात टिंब खाली आलं तेव्हा माझं पहिलं बोट सुनेकडे गेलं. मुलाकडे गेलं नाही, मालकांकडे गेलं नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. घराबाहेर कार्यकर्ती आणि घरात सासू.

सून तेव्हा काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, "आई, ती जेवत नाही असं नाही. तिला जेवू घालायला कोणी बसत नाही."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गटाच्या हिशेबाची जुनी वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. पोरीने काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणाच्या हातून खाल्लं आणि वाटीत किती उरलं. सात दिवस लिहिलं. दिवस रोवणीचे होते.

ती वही वाचली तर असं दिसतं. सून पहाटे उठते, सडा-सारवण, पाणी, सयपाक, सगळ्यांच्या शिदोऱ्या. आठच्या आत तिला बांधीवर पोचायचं असतं, कारण रोवणी गुत्त्याने घेतलेली. एकराचा हिशेब असतो, एक बाई उशिरा आली की बाकीच्यांचं काम खोळंबतं. निघताना ती पोरीला अंगावर पाजते आणि दोन घास भरवते. पोरगी झोपेतून पुरती जागी झालेली नसते, घास तोंडात तसाच धरते. मग दिवसभर ती माझ्याजवळ किंवा माझ्या मालकांजवळ. मी मीटिंगला गेले की मालकांजवळ. रडली की पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. दुपारी वरणाच्या वरच्या पाण्यात कालवलेला थोडा भात. चार वाजता पुन्हा पुडा. संध्याकाळी सून चिखलाच्या पायांनी येते, पोरगी अंगाला चिकटते, तिला दूधच हवं असतं. रात्रीचं ताट वाढेपर्यंत ती झोपून गेलेली. सात दिवसांत चार रात्री पोरगी न जेवता झोपली. हे त्याच घरात, जिथे कणगीत धान होतं.

आणि वहीत आणखी एक गोष्ट होती. एक दिवस पावसाने काम बंद राहिलं. त्या दिवशी सून पोरीला मांडीवर घेऊन बसली. मऊ भात, घट्ट वरण, वर तेलाची धार. पोरीने वाटी संपवली. शेवटचे घास तिने स्वतःच्या हाताने खाल्ले, अर्धे जमिनीवर सांडले, पण खाल्ले. वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेव्हा मला कळलं. अन्न घरात होतं, ही वीस-पंचवीस मिनिटं घरात नव्हती.

या वयाच्या पोराचं पोट मुठीएवढं. मोठ्या माणसासारखं दोन वेळा जेवून त्याचं भागत नाही. सहा महिने पुरे झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न लागतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खायला, आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच वेळा कोणीतरी बसायला हवं. पाच वेळा हात धुवायचे, कालवायचं, भरवायचं, तोंड पुसायचं. याला आपण काम म्हणतो का? मजुरीच्या हिशेबात ते येतं का? नाही येत. "पोराकडे बघते" एवढंच आपण म्हणतो, जसं काही नुसतं बघायचंच असतं.

आपल्याकडे काय खायला नाही, असं नाही. चिऊला काय आवडतं तेही त्या वहीत आहे. पसवलेल्या भाताचा गरम मांड, चिमूटभर मीठ घालून. भाजलेल्या वांग्याचं बिनतिखट भरीत. भेदऱ्याची चटणी तर ती बोटाने चाटते. बोडीतली मासळी, काटे नीट काढून. उकडलेला शिंगाडा कुस्करून. पपई. फल्लीदाण्याचा बारीक कूट भातावर. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. एकदा तोंडातून बाहेर काढलं म्हणजे "तिला आवडत नाही" असं आपण ठरवून टाकतो. पोर नवी चव लगेच घेत नाही. आठ-दहा वेळा, थोडं थोडं, न रागावता पुढे करावं लागतं. पालकाची भाजी चिऊने किती दिवस थुंकली. आता वरणात घोटून खाते. नाक दाबून, "बुवा येईल" म्हणून भीती घालून भरवलं की घास पोटात जातो, पण पोर ताटाला भ्यायला लागतं.

आणि मांड आवडतो म्हणून मांडच दिला तर पोट पाण्याने भरतं. वरणाच्या वरचं पाणी लेकराला आणि खालची दाटी मोठ्यांना, हे उलटं करायला पाहिजे.

आता अंड्याचं सांगते. आमच्या घरी चार कोंबड्या. अंडी कुठं जातात हेही मी लिहिलं. काही विकली. काही मालकांच्या आणि मुलाच्या ताटात गेली, "कष्टाचं काम करतात" म्हणून. सुनेच्या ताटात एकही नाही, आणि तीही दिवसभर कंबरेतून वाकून रोवणी करते. चिऊच्या वाटीत सात दिवसांत एक. वाढणारी मी होते. मला कोणी सांगितलं नव्हतं की पोरीला देऊ नको. माझा हातच तसा वळला होता. चिऊच्या जागी नातू असता तर हात असाच वळला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर मला आवडलं नाही.

हे एकट्या माझ्या घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३६ मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. आणि देशभरात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसं आणि पुरेशा प्रकारचं अन्न मिळणारी शंभरात जेमतेम अकरा. शंभरातल्या एकोणनव्वद घरांतल्या आया निष्काळजी आहेत, असं कोणी म्हणेल का? म्हणजे दोष आईच्या लक्षात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

कुठं आहे ते बघू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला. पण त्यात एक फरक आहे, तो नीट ऐका. तीन वर्षांवरच्या मुलाला अंगणवाडीत गरम ताजं जेवण. तीन वर्षांखालच्याला घरी न्यायचा शिधा, त्यात २०१३ च्या मूळ कायद्याने ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं धरली होती. म्हणजे ज्या वयात भरवायला माणूस लागतो, त्या वयात सरकार पाकीट देतं आणि माणूस घरावर सोडतं. घर म्हणजे आई, आणि आई बांधीवर. मी स्वतः ते पाकीट कोंबड्यांपुढे टाकलेलं पाहिलं आहे. गावातल्या बाया मूर्ख आहेत म्हणून नाही. शिजवून, थंड करून, भरवायला कोणी नव्हतं म्हणून.

अंडी आणि केळी मुलांना देणारी अमृत आहार योजना राज्याने आणली, ती अनुसूचित क्षेत्रासाठी. गडचिरोलीतल्या गावांना ती लागू झाली. आपला भंडारा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथल्या लेकराला ती नव्हती. पिवळं टिंब काही क्षेत्र बघून पडत नाही.

पाळणाघराचंही तसंच. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे कायद्याच्या कागदावर आलं. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. पण आपली रोवणी दुसऱ्याच्या बांधीत. बांधीला कोणी आस्थापना म्हणत नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच ओळखलं होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग संस्थेने जंगलातल्या गावांत फुलवाऱ्या चालवल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, सांभाळायला गावातलीच बाई, सत्तू आणि खिचडी. आया निर्धास्त कामाला जातात, आणि थोरली बहीण शाळेत जाते. हेही लक्षात घ्या. आई कामावर गेली की लहान्याला कडेवर घेऊन घरी राहते ती आठ-दहा वर्षांची पोरगीच.

मग आमच्या टोलीने ठरवलं. गुत्त्याच्या टोळीत चौदा बाया, त्यांची मिळून सात लेकरं तीन वर्षांखालची. एका रिकाम्या ओसरीवर दोघी म्हाताऱ्या आळीपाळीने बसल्या. घराघरांतून मूठभर तांदूळ, डाळ, जमेल तिच्याकडून अंडं. चूल तिथंच. खरा वाद झाला तो मजुरीवर. "नुसती पोरं सांभाळायची आणि आमच्या बरोबरीचा रोज?" असं टोळीतल्याच बाया म्हणाल्या, पुरुष नाही. मी म्हटलं, मग तुम्ही बसा, म्हातारी रोवणीला येते. एक दिवस एक जण बसली. सात पोरांना दुपारचं जेवण भरवून ती संध्याकाळी म्हणाली, "यापेक्षा चिखल बरा." त्यानंतर गुत्त्याच्या पैशातून चौदा जणींच्या बरोबरीने पंधरावा वाटा ओसरीवरच्या बाईचा धरला.

सगळं गोड झालं नाही. एका घराने मूल पाठवलं, पण डबा वेगळा, कारण चुलीवरची बाई आमच्या जातीची. चार दिवस ते लेकरू वेगळं बसून खात होतं. पाचव्या दिवशी ते स्वतःच चिऊच्या वाटीत हात घालून खायला लागलं. त्याच्या आजीने पाहिलं, काही बोलली नाही, पण दुसऱ्या वर्षी मूल पाठवलं नाही. ते भांडण अजून बाकी आहे.

घरात काय बदललं? चिऊची वाटी वेगळी केली, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं. अंडं आधी तिला आणि तिच्या आईला. रात्रीचं ताट वाढायच्या आधी, दिवे लागले की तिचं जेवण. आणि ते जेवण तिच्या बापाचं काम. मुलगा आधी म्हणाला, "लोक हसतील." मी म्हटलं, हसू दे. पहिल्या दिवशी त्याने पाच मिनिटांत हात टेकले, "खात नाही ही." मी त्याला ती वही वाचायला दिली. आता तो बसतो. मासळीचे काटे तो माझ्यापेक्षा चांगले काढतो.

चिऊचं टिंब पुन्हा हिरव्यात आलं, पण काठावरच आहे. आजारी पडली की खाली येतं. रोवणीचा दिवस अजून लांबच आहे आणि सुनेची कंबर अजून दुखतेच. एका ओसरीने जिल्हा बदलत नाही. म्हणून मागणी करायची ती नीट करू या. तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी रोवणी आणि धानकापणीच्या दिवसांत गावागावात पाळणाघर. तिथं गरम जेवण. तिथल्या बाईला पूर्ण मजुरी. ग्रामसभेत हे लिहून द्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आणि घरी गेल्यावर एक वही काढा. सात दिवस लिहा. काय खाल्लं ते लिहा, पण कोणाच्या हातून खाल्लं हे विसरू नका. त्या रकान्यात एकाच बाईचं नाव वरपासून खालपर्यंत दिसलं, किंवा कोणाचंच दिसलं नाही, तर पुढल्या वेळी "पोरगी जेवत नाही" असं म्हणायच्या आधी थांबा. मी थांबले नव्हते. माझ्या सुनेची मी घरात माफी मागितली आहे. आज ती मागच्या रांगेत चिऊला घेऊन बसली आहे, म्हणून तुमच्यासमोर पुन्हा मागते.