आमदार विचारतो कुणाला?



पाच वर्षांतून एकदा बटण दाबलं की आपलं काम संपलं. पुढं कापसाच्या आयातीपासून ज्वारीच्या खरेदीपर्यंत जो आपल्या वतीनं बोलतो, तो बोलण्याआधी कुणाला विचारतो? जे रोज त्याच्या ओट्यावर येऊन बसतात त्यांना.

माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा हे तुम्हाला सांगायला नको. बांधालगतची, विहिरीजवळची, उकिरड्याखालची माती आपण घेत नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घेतो, एकत्र कालवतो. ओट्यावरची माणसं म्हणजे उकिरड्याखालची माती. हसता काय? तिच्यावरून अख्ख्या शिवाराचा हिशेब मांडला तर खत चुकणारच.

आयर्लंड हा लहानसा देश. गर्भपातबंदी तिथं 1983 साली घटनेत घातली गेली. मतं जातील म्हणून पुढारी त्या कलमाला हात लावायला कचरत. शेवटी 2016 साली संसदेनंच ठराव करून नागरिकांची सभा नेमली. एक अध्यक्ष आणि 99 साधी माणसं, अशीच नागमोडी निवडलेली. वय, बाईमाणूस-गडीमाणूस, प्रदेश यांचं प्रमाण देशाइतकंच. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टर ऐकले, कायदेपंडित ऐकले, दोन्ही बाजूंच्या संघटना ऐकल्या, मग मतदान केलं. अहवाल संसदेच्या समितीपुढं गेला. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी ते कलम काढायला कौल दिला. म्हणजे 99 जणांनी संसदेची खुर्ची बळकावली नाही. जे बोलायला पुढारी घाबरत होते, ते बोलायला त्यांना बळ दिलं.

आपल्याजवळचं उदाहरण 2001 चं. तेव्हाच्या आंध्रात, मेदक जिल्ह्यात जहिराबादजवळ लहान शेतकऱ्यांची, त्यातही बहुतेक बायांची, ज्युरी बसली. सरकारच्या शेतीविषयक आराखड्यावर शास्त्रज्ञ, अधिकारी, कंपन्यांची माणसं त्यांनी उलटसुलट विचारून काढली. जनुकबदल बियाण्याला नकार दिला. तो निकाल मला सगळा पटत नाही, ते असो. पण ही ज्युरी संस्थांनी बोलावली होती, विधानसभेनं नव्हे. त्यामुळं तिला उत्तर देणं कुणावरच बंधनकारक नव्हतं.

म्हणून मत मागायला येईल त्याला एकच विचारा. चिठ्ठ्या टाकून निवडलेले तालुक्यातले शेतकरी, मजूर, बाया कापूस आयातीवर दोन्ही बाजू ऐकून जे म्हणतील, त्याला साहेब, तुम्ही लेखी उत्तर देणार का? हो म्हणाले तर तिथंच तारीख मागा.