पंचेचाळीस अंशांतली बॅटरी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

या सभागृहात हतनूरला पक्ष्यांचे फोटो काढायला जाणारे आहेत, पालला मुक्काम टाकणारे आहेत, धुळ्याहून लळिंगच्या बाजूला अंधार शोधत दुर्बीण नेणारे आहेत, ड्रोन उडवणारी कॉलेजची मुलं आहेत. या सगळ्यांचा छंद बॅटरीवर चालतो आणि तक्रारही सगळ्यांची एकच : दोन वर्षांत बॅटरी बसली. माझं म्हणणं असं, की दोष नेहमी मालाचा नसतो. आपल्या खानदेशच्या उन्हाचा आपण विचारच करत नाही.

कॅमेरा, पॉवर बँक, ड्रोन यांत लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. बहुतेक उत्पादक तिच्या चार्जिंगसाठी ४५ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा देतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतली हवाच तेवढी तापते! त्यात चार्ज होताना बॅटरी स्वतःही गरम होते. म्हणजे भर दुपारी बॅटरी चार्जिंगला लावली, की मर्यादा ओलांडलीच. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पॉवर बँकेची तर गोष्टच सोडा.

यात सगळ्यात घातक जोडी कोणती? उष्णता आणि पूर्ण चार्ज. सेल ४.२ व्होल्टला पोचला, की आतल्या रसायनांवर सर्वाधिक ताण असतो. उष्णतेत नको त्या अभिक्रिया वेगाने होतात, त्यांत लिथियम अडकून पडतं आणि क्षमता कायमची जाते. सहलीहून आल्यावर आपण सगळ्या बॅटऱ्या शंभर टक्के भरून कपाटात ठेवतो. काळजीपोटीच ठेवतो, पण नुकसान तिथेच होतं. महिनाभर वापर नसेल, तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. ड्रोनच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीसाठी हा आकडा दर सेलला साधारण ३.८ व्होल्ट.

पक्षी टिपून झाल्यावर कॅमेऱ्यातली बॅटरी काढा आणि मुठीत धरून पाहा. मूठ सोडावीशी वाटली, तर लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या. पहाटेची वेळ चार्जिंगला उत्तम. चार्जर गादीवर किंवा उशीखाली नको, उघड्या फरशीवर ठेवा.

‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला तळापर्यंत उतरवणं मानवत नाही. फ्लॅश आणि छोट्या टॉर्चमधले १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र वेगळे : ते पडून राहिले तरी उतरतात, उन्हाळ्यात जास्तच. त्यांच्यासाठी सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. तिथे चार पैसे वाचवू नयेत.

दुर्बिणीच्या मोटरसाठी किंवा स्पीकरसाठी कोणी १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी नेतात. १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्तेने घडवलेलं हे जुनं तंत्र आजही भरवशाचं आहे. पूर्ण भरलेली, थोडा वेळ विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. त्याखाली नेऊ नका आणि उतरलेली तशीच ठेवू नका, कारण प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होतं आणि मग चार्ज घेत नाही. झाकणांची बॅटरी असेल, तर आपल्या उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. बाकीची भर चार्जिंग झाल्यावर. नळाचं पाणी कधीच नको.

शेवटी सुरक्षिततेचं. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. कचऱ्यात ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला तसं ठणकावून विचारा. आणि आज घरी गेल्यावर कपाट उघडा, पूर्ण भरून ठेवलेल्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढा आणि निम्म्यावर आणून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. मे महिना अजून पुढेच आहे.